रेघेला टेकलेली खुर्ची

नव्या मशीनचं काम हातात आलं की सांगाडा मॅडम पहिले दोन-तीन दिवस एकही पार्ट काढायच्या नाहीत. कॉम्प्युटरच्या पांढऱ्या पडद्यावर नुसत्या रेघा ओढायच्या. एक उभी, एक तिरकी, मध्ये कुठं तरी वर्तुळ, आणि सगळ्यांवर आकडे. मालक येता-जाता डोकावायचे आणि त्यांना वाटायचं, बाई अजून कामाला लागलेलीच नाही. एकदा ते न राहवून म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाइकाला मशीन पायजे, रांगोळी न्हाई." मॅडमनी मान वर न करता उत्तर दिलं, "हाडं मांडून राहिले साहेब. मांस चढवायला कितीसा वेळ लागतो?" तेव्हापासून शेडमध्ये त्यांचं नाव सांगाडा मॅडम पडलं. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं, ते तिथंच राहिलं.

आमचं वर्कशॉप लातूरच्या एमआयडीसीत. आम्ही डाळमिलची यंत्रं बनवतो. तूर साफ करायची, भरडायची, चाळायची, आणि ती खालून वर चढवणारे एलिव्हेटर. डिझाइनच्या खोलीत आम्ही तिघं होतो: मॅडम, उदगीरचा पठाण आणि मी. मॅडमच्या शेजारच्या टेबलावर मी आठेक वर्षं काढली. दुपारचा डबा, पावसाळ्यात गळणारं छत, लाइट गेली की अंधारात मारलेल्या गप्पा, सगळं एकत्र. म्हणून त्यांच्याविषयी लिहायचा हक्क माझा, असं मी धरून चालतो. पठाणला पटत नसेल तर त्यानं त्याचं वेगळं लिहावं, मी अडवलेलं नाही.

या रेघांचं प्रकरण थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय मॅडम कळायच्या नाहीत. कॉम्प्युटरवर यंत्र जुळवताना आम्ही सगळे काय करायचो, तर एक पार्ट ठेवायचा, त्याला दुसरा चिकटवायचा, दुसऱ्याला तिसरा. दिसायला झकास. पण मधल्या एखाद्या पार्टाचं माप बदललं की त्याला टेकलेले सगळे सुटायचे आणि पडद्याच्या कडेची यादी लालेलाल व्हायची. मग बसा दिवसभर निस्तरत. मॅडमच्या असेंब्लीत आधी एक स्केच असायचं. जमिनीची रेघ, शाफ्टांचे मध्य, डाळ घसरत येते ती उताराची रेघ. मग प्रत्येक पार्ट त्या रेघांना बांधायचा, शेजारच्या पार्टाला नाही. "पार्टाला पार्ट टेकवू नका हो," त्या पठाणला सांगायच्या. "रेघेला टेकवा. मग एखादा निघाला तरी बाकीचे जागच्या जागी ऱ्हातेत." पठाण मान डोलवायचा आणि पुन्हा पार्टालाच पार्ट टेकवायचा. ते सोपं पडतं, मलाही तेच सोपं पडायचं.

शिरूर अनंतपाळच्या एका गिऱ्हाइकाची मिल सगळी जुळवून झाली होती. ड्रॉइंग छापायला जाणार, तेवढ्यात त्याचा फोन आला की भावकीत वाटणी झाली, शेडचं फाटक आता पलीकडच्या अंगाला निघणार, तेव्हा माल उलट्या बाजूनं आत येईल. पठाणनं कपाळाला हात लावला. माझं तोंड कडू झालं. मॅडम मात्र म्हणाल्या, "येऊ द्या की. माल यायचा थांबलाय का?" त्यांनी स्केच उघडलं, फाटकाची रेघ उचलून पलीकडे नेली, माल ओतायच्या हॉपरची तिच्यामागे नेली. अख्खी मिल आमच्या डोळ्यांदेखत वळून बसली. मॅडमनी आम्हाला एका शब्दानं टोमणा मारला नाही. नुसता चहा मागवला, आणि तोही स्वतःसाठी बिनसाखरेचा.

मॅडम मूळच्या बिलोलीच्या. आई सीमेपलीकडची, त्यामुळे कामात डोकं घातलं की ओठांतल्या ओठांत तेलुगू सुरू व्हायचं. नट-बोल्ट मोजताना "ओकटि, रेंडु, मूडु" चालायचं, आणि मध्येच आम्ही काही विचारलं तर मोजणी चुकायची आणि त्या पहिल्यापासून सुरू करायच्या. रागवायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, मराठीत मोजलं तर काय बिघडतं? तर म्हणाल्या, "मराठीत हिशोब येतेत. मोजणं आईनं शिकवलंय." पुढं मी तो विषय काढला नाही.

आयटीआयला त्या बिलोलीहून नांदेडला रोज एसटीनं जायच्या. त्या गाडीच्या ड्रायव्हरशीच त्यांचं लग्न झालं. ही गोष्ट सांगताना मॅडम एरवीपेक्षा जरा मोठ्यानं बोलायच्या. "मी आरशात दिसून राहिले ह्यांना, अन् ह्यांचं रस्त्यावर ध्यान न्हाई. म्हणलं, पन्नास माणसं मारण्यापेक्षा हो म्हणावं." नवऱ्याला त्या ड्रायव्हरसाहेब म्हणायच्या आणि ते त्यांना मॅडम म्हणायचे. घरात सुद्धा. मी दोन-चारदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा स्वतःच्या कानांनी ऐकलंय, "मॅडम, पाण्याचा तांब्या कुठाय?" ड्रायव्हरसाहेब मोठ्या आवाजाचे, मोठ्या पोटाचे. रिटायर होऊन दोन-एक वर्षं झाली होती. मुलगी नांदेडला नोकरीला. दोघंच घरात, आणि बरं चाललं होतं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर ड्रायव्हरसाहेबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं. वाचा राहिली, पण शब्द जड झाले. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की दिवसातून काही वेळ तरी माणूस बसता राहिला पाहिजे, नुसता पडून राहिला तर छाती भरेल. मॅडमनी चाकाची खुर्ची विकत आणली. ती जमली नाही. उजवा पाय ताठत चालला होता, गुडघा वाकायचा नाही, आणि अंग उजवीकडे कलायचं. दोनदा ते खुर्चीतून घसरून खाली आले. दुसऱ्यांदा कपाळ फुटलं. मग खुर्ची दाराआड गेली आणि ड्रायव्हरसाहेब पलंगावर.

मॅडमनी हे सगळं डबा खाताना सांगितलं, डाळीच्या दरासारखं. मला वाईट वाटलं असं लिहायला पाहिजे. वाटलंही असेल. पण आत काही हललं नाही, एवढंच आठवतं. मी लोणच्याची फोड त्यांच्या डब्याच्या झाकणात ठेवली आणि त्यांनी ती खाल्ली.

ड्रायव्हरसाहेबांची मागणी एकच होती. उठून चालायचं वगैरे ते बोलत नव्हते. त्यांना बसून जेवायचं होतं, आपल्या हातानं. पलंगावर आडवं करून, उशी टेकवून, मॅडम चमच्यानं मऊ भात भरवायच्या आणि ते दर घासाला तोंड फिरवायचे. "ज्यानं उभ्या मराठवाड्याला बसवून नेलं, त्याला बसता येईना," असं एकदा म्हणाले म्हणे. जेवण दिवसेंदिवस तुटत चाललं. मॅडमना भीती लकव्याची राहिली नव्हती, या तोंड फिरवण्याची होती. "माणूस रुसून मरतो हो," त्या म्हणाल्या. "मी बघितलंय माझ्या सासऱ्याला."

एका सोमवारी सकाळी मी आलो तर मॅडमच्या पडद्यावर नवी फाइल होती. जमिनीची रेघ. तिच्या वर एक आखूड रेघ, तिला कोन करून दुसरी, तिला कोन करून तिसरी, आणि तिसरीच्या वरच्या टोकाजवळून निघालेली चौथी. मला वाटलं, नव्या एलिव्हेटरचं काही असेल. पठाण खुर्ची सरकवून आला, थोडा वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, ये तो आदमी है."

तसंच होतं ते. पोटरी, मांडी, पाठ, हात. रविवारी घरी बसून मॅडमनी टेपनं नवऱ्याचं अंग मोजून आणलं होतं. प्रत्येक रेघेवर माप. मांडीची रेघ घेऊन तिला बैठकीची पाटी बांधायची, पाठीच्या रेघेला पाठीची फळी, पोटरीच्या टोकाला पायाची फळी. खुर्चीचा एकही पार्ट दुसऱ्या पार्टाला टेकवलेला नव्हता. सगळे त्या माणसाला टेकलेले. मॅडम म्हणाल्या, "बाजारातल्या खुर्चीत माणूस बसवतेत. आपण माणसाला खुर्ची बसवू." मालकांना कळलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की भंगारातला पाइप लागेल तेवढा घ्या, पण सीझनचं काम अडवू नका. मालक वाईट नव्हते. तुरीचा सीझन तोंडावर होता, एवढंच.

अडचण गुडघ्याची होती. सरळ पाय म्हणजे शून्य धरायचा, आपण खुर्चीत बसतो तसा वाकला तर नव्वद. ड्रायव्हरसाहेबांचा गुडघा नव्वदपासून खाली खाली येत होता. मॅडम वर्कशॉपचा कोनमापक शनिवारी पर्समध्ये टाकून घरी न्यायच्या, रविवारी नवऱ्याचा गुडघा हळूहळू वाकवून बघायच्या, ते ओरडले की तिथं थांबून कोन घ्यायच्या. सोमवारी आल्या आल्या पहिलं काम तो आकडा बदलायचा. आकडा बदलला की पोटरीची रेघ थोडी पुढं जायची आणि तिच्यामागे पायाची फळी. बाकी काही हलायचं नाही. पठाण आपल्या जागेवरूनच विचारायचा, "कितना?" मॅडम आकडा सांगायच्या. मग आम्ही आपापल्या डाळीला लागायचो.

दर सोमवारी ते चालायचं. त्या खोलीत ड्रायव्हरसाहेबांची तब्येत कुणी विचारत नव्हतं, आकडाच विचारायचे. वेल्डर नरसिंग मामा तर खास त्यासाठी वर यायचा, कारण खुर्ची तोच बनवणार होता. आकडा ऐकला की मान हलवून खाली जायचा. एका सोमवारी आकडा दोननं वर आला. पठाणनं खालून भजी आणली. पुढच्या सोमवारी पुन्हा खाली गेला. भज्यांचा विषय कुणी काढला नाही.

संक्रांत झाल्यावर खुर्ची तयार झाली. नरसिंग मामानं पाइप इतके सफाईनं वाकवले होते की सांधा हाताला लागत नव्हता. निळा रंग दिला होता, आमच्या मशीनचाच. पायाची फळी खोबणीत बसवलेली, गुडघा बदलला तर मागेपुढे करता येईल अशी. उजवीकडे अंग कलू नये म्हणून कुशीला गादी. आणि जेवणाचं ताट ठेवायला एक छोटी फळी, दांड्यावर फिरणारी. मॅडमनी ड्रॉइंग केलं, मी तपासलं, पठाणनं पुन्हा तपासलं, नरसिंग मामानं बनवलं, मालकांनी येऊन ती फळी स्वतः फिरवून बघितली आणि म्हणाले, "फस्क्लास."

छोट्या टेम्पोत घालून आम्ही ती घरी नेली. मी, पठाण आणि नरसिंग मामा. तिघांनी मिळून ड्रायव्हरसाहेबांना उचलून बसवलं. बसले. घसरले नाहीत, कलले नाहीत. पाय फळीवर बरोबर टेकले. त्यांनी डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला आणि तो नीट आत गेल्याचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. मॅडम स्वयंपाकघरातून ताट घेऊन आल्या. वरण-भात, वर तूप, कडेला शेंगदाण्याची चटणी. ताट फळीवर ठेवलं, फळी फिरवून पुढ्यात आणली आणि सगळे थांबलो.

ड्रायव्हरसाहेब ताटाकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं. आम्हाला काही कळेना. पठाण म्हणाला, "खाओ साहब." तेव्हा ते तुटक तुटक बोलले, "मॅडम... ह्यो हात... रिटायर झालाय."

ताटाची फळी उजव्या अंगाला होती. दांडा उजवीकडच्या पाइपाला. ती पुढ्यात येते म्हणजे उजव्या हाताच्या पुढ्यात येते, डावा हात तिथवर पोचत नाही. सगळ्या रेघा मॅडमनी नवऱ्याच्या अंगावरून घेतल्या होत्या, गेलेल्या अंगाला गादी लावली होती, आणि जेवायचा हात मात्र उजवा धरला होता. जेवायचा हात उजवा, हे माप कुणी घेतच नाही. मी दोनदा ते ड्रॉइंग बघितलं होतं आणि मला ते दिसलं नाही. आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही, कारण डाव्या हातानं जेवणारा माणूस आमच्या कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता. मॅडम एवढंच म्हणाल्या, "चुकलं."

त्यांनी घास उचलून भरवायला हात पुढं केला. ड्रायव्हरसाहेबांनी तोंड फिरवलं. "ह्याच्यात बसून... दुसऱ्याच्या हातानं न्हाई," ते म्हणाले. "ह्याच्यात आपल्याच हातानं." मॅडम हातातला घास तसाच ताटात ठेवून आत गेल्या. आम्ही ड्रायव्हरसाहेबांना उचलून पुन्हा पलंगावर ठेवलं, दांडा खोलून घेतला आणि निघालो. टेम्पोत नरसिंग मामा दांडा मांडीवर घेऊन बसला होता.

पडद्यावर ते एका रेघेचं काम होतं. वरून बघायच्या स्केचमध्ये मधली रेघ, तिच्या उजव्या अंगाला दांड्याची रेघ. मॅडमनी ती उचलून डावीकडे ठेवली आणि फळी, दांडा, तो ज्यात फिरतो तो बुश, सगळं निमूट पलीकडे गेलं. लोखंड तसं जात नाही. डावीकडचा पाइप पातळ होता, त्याला आतून आधार द्यायला हवा होता, आणि सीझन ऐन भरात. शेडबाहेर ट्रक उभे, कटिंग मशीनला उसंत नाही. मालकांना विचारायला मॅडम गेल्या नाहीत. मी गेलो, तर मालक म्हणाले, "चार दिवस थांबा, मी न्हाई म्हणून न्हाई राहिलो." तिकडं ड्रायव्हरसाहेबांना ताप भरला. छातीत घरघर सुरू झाली. जेवण जवळजवळ बंद. मॅडम कामावर यायच्या, शेजारीण घरी बसायची. मॅडमचं तेलुगू मोजणं सुद्धा बंद झालं होतं.

नरसिंग मामानं अखेर मालकांची वाट पाहिली नाही. दुपारच्या सुट्टीत, सगळे जेवायला बसले असताना, त्यानं हातकरवतीनं आधाराचा पाइप कापला. तीन दुपारी तो जेवलाच नाही. मी विचारलं तर म्हणाला, "तिकडं एक मानूस उपाशी हाय, मला कसं गिळंल?" डबा मी मग तसाच बंद केला.

दांडा बसवायला मी आणि नरसिंग मामा गेलो. ताप उतरला होता पण ड्रायव्हरसाहेब निम्मे झाले होते. बसवलं. फळी डावीकडून फिरून पुढ्यात आली. ताट आलं. त्यांनी डावा हात उचलला, भातापर्यंत नेला आणि मागे घेतला. पुन्हा नेला. पुन्हा मागे. आम्हाला वाटलं ताकद नाही. ते खाली मान घालून म्हणाले, "डाव्या हातानं खाल्लं म्हणून... लेकराला मारलंय मी."

मॅडम आत गेल्या, स्वतःचं ताट वाढून आणलं, स्टूल ओढून त्यांच्या समोर बसल्या आणि डाव्या हातानं भात कालवायला लागल्या. जमत नव्हतं. वरण बोटांमधून मनगटावर आलं. पहिला घास तोंडाशी नेताना अर्धा पदरावर सांडला. त्यांनी तो तसाच खाल्ला, दुसरा कालवला. ड्रायव्हरसाहेब बघत होते. "मॅडम... सांडून राहिल्या," ते म्हणाले. "मग शिकवा की," मॅडम म्हणाल्या. "गाडी तुम्ही चालवलीय, मी न्हाई." तेव्हा त्यांनी हात घातला. घास लहान होता आणि तोंडात जाईपर्यंत आणखी लहान झाला. पण गेला. मग दुसरा गेला.

आम्हालाही ताटं दिली होती. कुठल्या हातानं जेवावं ते मला सुचेना. नरसिंग मामा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी ताट मांडीवर घेऊन तसाच बसलो आणि भात गार होऊन गेला. ड्रायव्हरसाहेबांनी सगळं ताट संपवलं. बोटं चाटली. मॅडमचं अर्धं उरलं होतं, ते बघून त्यांना म्हणाले, "अन्न टाकू नये."

त्यानंतर ते रोज त्या खुर्चीत बसून जेवले. मॅडम दुपारचा डबा आणेनाशा झाल्या; रिक्षा करून घरी जायच्या, दोघं समोरासमोर डाव्या हातानं जेवायचे आणि त्या परत यायच्या. सोमवारचा आकडा चालूच होता. तो खाली जात होता, पायाची फळी खोबणीत पुढं पुढं सरकत होती, पण आता कुणी तोंड पाडत नव्हतं. जेवतोय माणूस, मग जाऊ दे आकडा. असं बरेच आठवडे चाललं. गुढीपाडव्याच्या थोडं अलीकडे, एका पहाटे ड्रायव्हरसाहेब झोपेतच गेले. आदल्या दिवशी पोळी आणि भेंडीची भाजी खाल्ली होती. दोन वेळा मागून घेतली होती, हे मॅडमनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

मी मातीला गेलो. ऊन होतं. एसटीतली पुष्कळ माणसं आली होती, खाकी कपड्यातली. मी कुणाशी बोललो, काय बोललो, आठवत नाही. पठाणनं मला पाण्याची बाटली दिली ती मी घरी घेऊन आलो, आणि पुढं किती तरी दिवस ती टेबलावर होती.

मॅडम कामावर परत आल्या तेव्हा पहिल्यासारख्याच होत्या. रेघा, आकडे, बिनसाखरेचा चहा. खुर्ची त्यांनी वर्कशॉपमध्ये आणून टाकली होती, नरसिंग मामानं तिच्यावर गोणपाट घातलं होतं. आता मॅडम नांदेडला मुलीजवळ असतात. उन्हाळ्यात राजीनामा दिला, आम्ही शाल-नारळ दिला, पठाण भाषण करताना मध्येच खाली बसला. तिकडं त्या कुणाकुणाची कामं घरून करतात असं ऐकतो. फोन होतो कधी तरी. मी नवं मशीन हातात घेतलं की आता पहिल्यांदा रेघाच ओढतो, मालक डोकावून जातात.

त्या जायच्या आधीची एक सकाळ मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. हदगावचं एक गिऱ्हाईक मशीन बघायला आलं होतं. त्यानं गोणपाटाखालची खुर्ची बघितली आणि विचारलं, अशी एक माझ्या आईसाठी होईल का, ती पडल्यापासून बसत नाही. मॅडमना कसं विचारावं ते मालकांना कळेना. त्यांनी चाचरत विचारलं. मॅडम म्हणाल्या, "माप पाठवा म्हणावं." त्यानं गावाकडून फोनवर माप पाठवलं: मांडी दोन विती, पोटरी पावणेदोन. मॅडमनी त्याला परत फोन लावला. "दादा, वीत कुणाची? आधी तुमची वीत मोजून कळवा." तो बिचारा ओशाळला, मग टेप घेऊन बसला आणि सगळं नीट मोजून पाठवलं. गुडघ्याचं विचारलं तर म्हणाला, वाकतो, पण आई ओरडते. मॅडम म्हणाल्या, "ओरडते तिथं थांबा. तेवढंच सांगा."

मग त्यांनी फाइल उघडली. पडद्यावर त्या चार रेघा आल्या. मी माझं काम थांबवलं नाही, पण बघत होतो. मॅडमनी मांडीच्या आकड्यावर क्लिक केलं, जुना खोडला, नवा टाकला. बैठकीची पाटी आखूड झाली. पोटरीचा बदलला, पायाची फळी वर आली. पाठ बदलली. ताटाचा दांडा उजवीकडे नेला, त्या बाईचे दोन्ही हात चांगले होते. गुडघा शेवटी ठेवला होता. मग तोही खोडला आणि म्हातारीचा टाकला. काही लाल झालं नाही. सगळं जागच्या जागी बसलं.

मी म्हणालो, "मॅडम, जुन्या फाइलची कॉपी करून ठेवू का? जागा भरपूर आहे."

"कायला?" त्या म्हणाल्या. "त्याच्यात आता कोण बसणार हाय?" आणि सेव्ह केलं.

ड्रॉइंग प्रिंटला दिलं. नरसिंग मामा ते न्यायला वर येऊन दारात उभा होता. प्रिंटर घरघरत होता. मॅडमचा हात माऊसवर तसाच होता आणि नजर पडद्यावर. कपाळाला आठी पडली होती, एखादं माप विसरल्यावर पडायची तशी. मग त्यांनी विचारलं, "ह्यांचा गुडघा किती होता हो, शेवटी?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. आणि आठवत नाही याची त्यांना भीती वाटली होती, ते आवाजात कळलं.

"अडुसष्ट," मी म्हणालो. पठाणही त्याच क्षणी तेच म्हणाला. आणि दारातून नरसिंग मामाही.

"हाव," मॅडम म्हणाल्या. मग उठून त्यांनी प्रिंटरमधला कागद काढला आणि नरसिंग मामाच्या हातात दिला.